पडलेले आवळे

नोमूने आयोडीनच्या बाटलीचं बूच दातांनी उघडलं, कापसाचा बोळा भिजवला आणि रेडकाच्या पोटाखाली हात घातला. रेडकू उभं राहू पाहत होतं आणि दर खेपेला पुढच्या गुडघ्यांवर कोसळत होतं. त्याच्या बेंबीशी नाळेचा वीतभर तुकडा लोंबत होता. ओला, करडा, टोकाशी चिंध्या झालेला. म्हैस उभ्यानेच व्याली होती. रेडकू खाली पडताना त्याच्याच भाराने नाळ तुटली होती. कुणी कापली नव्हती, कापायची गरजही नव्हती.

"मागचे पाय धर जरा," ती नवऱ्याला म्हणाली. "लाथा झाडतंय."

पालो गोठ्याच्या आडव्या बांबूपाशी उभा होता. त्याने रेडकाकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाखाली पाहिलं, आणि टोपली उचलली.

"गवत आणतो."

"ढीगभर पडलंय की समोर."

"ते ओलं आहे."

तो गेला. नोमूने रेडकू दोन गुडघ्यांत दाबून धरलं आणि बोळा नाळेच्या तुटक्या टोकावर नीट टेकवला, सगळीकडून, बेंबीच्या मुळापर्यंत. नाळ सुकून गळेपर्यंत ते एक उघडं दार असतं, असं तिला गुरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं. तिचे हात तपकिरी झाले. वरून म्हशीची जीभ आली आणि रेडकाबरोबर तिचं मनगटही चाटून गेली.

पालो कुठलीच नाळ बघत नसे. डुकरीण व्याली तरी तो बाहेर. मुलगा केलो झाला तेव्हा सुईण घरात होती आणि पालो ओढ्यापलीकडे एका दगडावर पाठ करून बसला होता. गावात त्याची थट्टा व्हायची. शेजारची मुगा नोपो तोंडातली चिलीम न काढता म्हणायची, "रानडुकराच्या अंगावर जातो हा, आणि एवढीशी नाळ बघून पळतो!" गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना पोरं मुगा म्हणत आणि म्हाताऱ्या पुरुषांना पाती, पण मुगा नोपोला तिच्या वयाचेही मुगाच म्हणत, कारण तिचं तोंड सगळ्यांहून वडील होतं.

पालो परत आला तेव्हा टोपलीत गवत नव्हतं, आवळे होते.

"हे गवत वाटतं?"

"वाटेत दिसले."

नोमूने टोपली तिरपी केली. आवळे चांगले होते, पण एका बाजूने मऊ झालेले, काहींना माती चिकटलेली. एकालाही डहाळी नव्हती, पान नव्हतं.

"परत पडलेलेच? माणूस फांदी वाकवतो, चार डहाळ्या मोडतो. नोपोकडे बघ, कसे टपोरे आणतात घोसासकट. तू आपला दरवर्षी मातीतले वेचून आण."

"मिठात घातल्यावर चव तीच लागते."

"तीच लागते म्हणे."

ती आवळे धुवायला घेऊन गेली. दर हिवाळ्यात हेच बोलणं व्हायचं, दर हिवाळ्यात ती मऊ भाग सुरीने काढून टाकायची आणि उरलेले मीठ-मिरचीत मुरवायची. चुलीमागच्या बरणीत मागच्या वर्षीचे अजून तळाशी होते.

"उद्या येणार आहेत ते सडकवाले," पालो जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाला.

"हो. केलोही निघालाय शहरातून. मोटारसायकलवर. या थंडीत."

"यावंच लागेल त्याला."

"तू वेळेवर जा आपल्या बेहड्याखाली," ती म्हणाली. "शेवटी पोचशील आणि तोवर रंग लागलेला असेल."

पालोने पायरीला लागलेली माती नखाने खरवडली.

*

गावाच्या वरच्या अंगाला नाळेचं रान आहे. मुलाची नाळ गळून पडली की बाप ती बांबूच्या नळीत घालतो, नळीचं तोंड बंद करतो आणि पहाटे रानात जाऊन एखाद्या झाडाला बांधतो. त्या दिवसापासून ते झाड त्या मुलाचं. फळं कुणीही खावीत. पाखरांनी खावीत म्हणून तर फळाचं झाड निवडायचं. पण फांदी मोडायची नाही, बुंध्याला कोयता लावायचा नाही. झाड पडलं तर माणसाचा जीव बिथरून निघून जातो आणि त्याला हाका मारून परत आणावं लागतं, आणि म्हातारपणी गेलेला जीव परत येतोच असं नाही. माणूस मेला की झाड मोकळं.

त्या रानातून आता सडक रुंद होणार होती. पाती वाने, म्हणजे गावाचा मुखिया, खालच्या गावातल्या सडकखात्याच्या कचेरीत चार खेपा घालून आला होता आणि शेवटी एवढं कबूल करून आला होता: ज्याचं झाड आहे त्याने त्या दिवशी स्वतः झाडाखाली उभं राहावं. माणूस असेल ते झाड सोडून रेघ वळवू. माणूस नसेल त्या झाडाला लाल रंग. एका माणसाला एक झाड.

"आणि लहान पोरांचं?" कुणीतरी विचारलं होतं.

"कडेवर घेऊन उभं राहावं आईने."

"मग आईचं झाड?"

"बापाने पोराला घ्यावं नाहीतर आजीने. माझं डोकं खाऊ नका. तो साहेब अजून तरुण आहे, त्याला हे पटलं हेच नशीब. एक माणूस, एक झाड!"

त्या सकाळी सगळं गाव रानात पसरलं होतं. शेतं कापून झाली होती, धुकं उशिरापर्यंत दरीत साचलेलं होतं. झाडाझाडाखाली एकेक माणूस, अंगाभोवती चादर लपेटलेला, जणू कुणी सगळ्यांना एकाच वेळी दूर दूर पेरलं होतं. मुगा नोपोचं जांभूळ उताराकडे कललेलं होतं आणि ती त्याला टेकून चिलीम ओढत होती.

"मुगा, टेकू नकोस त्याला," वाने खालून ओरडला. "दोघं मिळून दरीत जाल."

"तुझ्या झाडासारखं पोकळ नाही माझं. तुझ्यात तर घुबडं राहतात. झाडातही."

हसण्याची लाट झाडाझाडावरून वर गेली. नोमू आपल्या ओकच्या झाडाच्या बुंध्याशी उभी होती. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर केलो होता. तिशीला आलेला, शहरी जाकीट घातलेला, हात चोळत उभा. खाली वळणावर नवऱ्याचा बेहडा होता, रानातला सगळ्यात जुना, दोघांच्या कवेतही न मावणारा. त्याच्याखाली कुणी नव्हतं.

"आई, बाबा कुठाय?"

"येईल. तुझा बाप सरकला की डोंगर सरकतो, एवढा वेळ लागतो."

पण ती खाली बघतच राहिली.

तिला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं, पण रानात आल्यापासून ती एक झाड शोधत होती. आधीही शोधलं होतं, सुरुवातीची काही वर्षं. बांबूची नळी दोन-चार पावसाळ्यांत कुजते, वेताची बांधणी त्यानंतर. त्यामुळे सापडण्यासारखं काही नव्हतंच. आणि पालोनेच तर सांगितलं होतं.

केलोच्या आधी एक मुलगी झाली होती. साळी फुलोऱ्यात असताना झाली म्हणून तिचं नाव बूपॉ, साळीचं फूल. ओढ्याला पूर होता, सुईण पलीकडे अडकली होती. नोमूचे दात घट्ट आवळलेले असताना पालोने घराच्या बांबूच्या जमिनीतली एक कामटी ओढून काढली, तिची धार बोटाने बघितली आणि नाळ कापली. सगळे तसंच कापत. बांबूची धार सुरीहून तीक्ष्ण असते. खांबांवरच्या त्या जमिनीखाली म्हैस बांधलेली होती.

नाळ लवकर गळली. पालो पहाटे नळी घेऊन रानात गेला आणि हसत परत आला. त्या दिवशी घरात, शेजारात कुणी कामाला हात लावला नाही, तशी रीतच आहे. लोक तिला बूपॉची आई म्हणू लागले, त्याला बूपॉचा बाप. दुसऱ्या दिवशी मुलीने दूध ओढणं सोडलं. तिचं तोंड उघडेना. कुणी नुसता हात लावला तरी तिचं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. आणि दोन दिवसांनी तेही थांबलं.

वानेचा बाप तेव्हा गावातला सगळ्यात जाणता होता. त्याने सांगितलं, नळी उतरवून आणा आणि पोरीबरोबरच पुरा. नाहीतर ती झाडावरून आईला हाक मारत राहील. नोमूने पालोचे पाय धरले होते. तेवढं राहू दे, म्हणाली होती. सगळं घेऊन जा, ते झाड राहू दे. पालो कोयता घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत काहीतरी होतं, ते त्याने खड्ड्यात टाकलं आणि म्हणाला, "झालं."

तो एक शब्द नोमूने त्याला कधी माफ केला नाही. कामटीचं तिने त्याला कधी म्हटलं नाही. ते तिला बऱ्याच वर्षांनी कळलं, जेव्हा दवाखान्याची नर्स गावात चित्रं घेऊन आली. बांबू, शेण, माती, ताठलेलं मूल. एकेका चित्रावर लाल फुली. नोमू पहिल्या रांगेत बसली होती. पालो केलोला पाठुंगळी घेऊन दारात उभा होता. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. पुढे केलो मोठा होत गेला आणि लोक त्यांना केलोची आई, केलोचा बाप म्हणू लागले. तेही एकमेकांना तसंच म्हणू लागले.

*

साहेब चष्म्याची काच पुसत आला. त्याच्याबरोबर रंगाचा डबा घेतलेला एक माणूस होता आणि वाने. नोमूच्या ओकपाशी साहेब थांबला, तिच्याकडे बघून त्याने हसत हात जोडले, आणि रंगवाला तिच्या झाडाला वळसा घालून पुढे गेला. केलोलाही तसंच. मग ते उतरून वळणावर आले.

"हे?" साहेबाने बेहड्याकडे बोट दाखवलं.

वानेने चारी बाजूंना पाहिलं. "पालो!" तो ओरडला. "अरे पालो! कुठे मेलास?"

"इथे आहे."

आवाज वरून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. रानाच्या वरच्या कडेला, जिथून पुढे नुसतं गवत सुरू होतं, तिथे एक आवळा होता. फार मोठा नव्हता. त्याच्याखाली पालो उभा होता, हात बाजूला सोडून, लग्नात उभं करतात तसा.

"बाबा तिथे काय करतोय?" केलो म्हणाला. "त्याचं झाड तर हे."

नोमूचा हात ओकच्या सालीवर होता. तो तिने काढून घेतला, मग परत ठेवला.

साहेब आणि वाने चढून वर गेले. हवा स्तब्ध होती, बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"हे तुमचं झाड?" साहेबाने विचारलं. वानेने ते आपल्या भाषेत सांगितलं.

पालोने मान हलवली.

"खाली तो मोठा कुणाचा मग?"

पालो साहेबाकडे बघत नव्हता. वानेकडे बघत होता. वाने आणि तो एकाच वर्षी जन्मले होते, एकाच पुलावरून ओढ्यात उड्या मारत मोठे झाले होते. त्या बेहड्याखाली दोघांनी गोफणी केल्या होत्या. ज्या म्हाताऱ्याने नळी उतरवायला लावली होती, वाने त्याचा मुलगा.

वानेने आवळ्याकडे पाहिलं. शेंड्यापर्यंत पाहिलं, मग पायाशी पडलेल्या फळांकडे. मुगा नोपोची चिलीम विझली होती, ती तिने पेटवली नाही.

"हे याचंच," वाने साहेबाला म्हणाला. "खालचं कुणाचं नाही. जुनं आहे. मेला असेल त्याचा माणूस."

रंगवाला खाली गेला. बेहड्याच्या बुंध्यावर त्याने छातीच्या उंचीला एक आडवा पट्टा ओढला. साल खडबडीत होती, रंग खाचाखाचांतून खाली ओघळला. सगळं गाव ते बघत होतं.

घरी जाताना केलोने विचारलं, "आई, असं का केलं बाबाने? म्हाताऱ्या माणसाने स्वतःचं झाड..."

"जेवून घे आणि नीघ," नोमू म्हणाली. "अंधाराच्या आत घाट उतर."

तो गेल्यावर ती चुलीपाशी बसली. टोपलीत कालचे आवळे उरले होते. तिने एक उचलला, बोटांत फिरवला. देठाकडची जागा साफ होती. आपोआप गळलेल्या फळाची असते तशी. तिने दुसरा उचलला. मग तिसरा. पालो जिन्यावर पाठ करून बसला होता. आवळ्याचा मऊ भाग काढायला तिने सुरी घेतली आणि तशीच खाली ठेवली. त्या दिवशी तिने आवळे न कापता, डागांसकट बरणीत भरले.

*

थंडी सरता सरता करवतीचा आवाज आला. दुपारपर्यंत तो थांबत, परत सुरू होत राहिला. मग रानात काहीतरी मोठं मोडल्याचा आवाज झाला आणि पाखरं घरांवरून ओरडत गेली. पालो म्हशीला पाणी दाखवत होता. त्याने बादली खाली ठेवली आणि तिथेच गोठ्याच्या बांबूला धरून उभा राहिला.

नोमूने सकाळीच कोंबडी कापून शिजवली होती. तिने त्याला वर बोलावलं, जिन्याच्या तोंडाशी बसवलं, आणि डावाने जिन्याच्या लाकडावर ठोके देत हाका मारू लागली. ये, पालोच्या जिवा, ये. रानात राहू नकोस, ओढ्याशी थांबू नकोस. भात गरम आहे, चूल पेटलेली आहे. घरी ये. तिचा आवाज सरळ होता. हाका संपल्यावर ती थोडा वेळ थांबली, ओठ उघडे ठेवून, जणू अजून एक हाक राहिली होती. ती तिने मारली नाही.

मांडीवर पांढऱ्या सुताचे दोन दोरे होते. एक तिने पालोच्या मनगटाला बांधला, गाठ मारून उरलेलं टोक दातांनी तोडलं. पालो दुसऱ्या दोऱ्याकडे बघत होता. तो फार आखूड होता, तान्ह्या मनगटापुरता.

"चल," ती म्हणाली.

वाटेला फाटा फुटतो तिथे ती खालच्या अंगाने निघाली, रोजच्या सवयीने.

"इकडून," पालो मागून म्हणाला. मग म्हणाला, "बूपॉच्या आई, इकडून."

ती वळली आणि त्याच्या मागे चालू लागली. गवतात एक वाट होती. एकाच माणसाच्या पायांनी पडलेली, अरुंद, पण घट्ट.

आवळ्यापाशी पोचल्यावर ती मान वर करून बघू लागली. एका फांदीवरून दुसरीकडे, शेंड्याकडे.

"मुठीत काय होतं मग तुझ्या? त्या दिवशी?"

"रिकामी नळी. वाटेत तोडली होती नवी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इथे आली असतीस. रोज आली असतीस."

"आणि तू?"

पालोने पायाने एक फळ बाजूला सारलं. "मी आवळे वेचायला यायचो."

ती परत वर बघू लागली. पानं बारीक होती, त्यांतून ऊन डोळ्यांत येत होतं.

"किती वर गेली असेल आता ती जागा? झाड केवढं झालंय."

"नाही गेली," पालो म्हणाला. "झाड शेंड्याकडून वाढतं. बांधलेलं जिथल्या तिथेच राहतं."

त्याने तिचा हात धरला आणि बुंध्यावर ठेवला, स्वतःच्या छातीच्या उंचीला. वेत कधीच कुजून गेला होता, पण कुजण्याआधी सालीत रुतला होता, आणि खोडाभोवती एक उथळ खाच राहिली होती, तिच्या वरखाली साल किंचित फुगलेली. नोमूने बोट खाचेतून फिरवत नेलं, झाडाला वळसा घालून, परत पहिल्या जागी येईपर्यंत.

तिने दोरा काढला. तो खोडाच्या चौथ्या हिश्शालाही पुरला नाही. ती तो दोन्ही टोकांना धरून उभी राहिली. पालोने आपलं मनगट पुढे केलं, गाठ सोडायला लागला. तिने मानेनेच त्याला नको म्हटलं. मग तिने दोरा खाचेत बसवला, अंगठ्याने हळूहळू दाबत, जितका होता तितका.

झाल्यावर तिने खांद्यावरची पिशवी काढली, गवतात बसली आणि आवळे वेचू लागली. थोड्या वेळाने पालोही दुसऱ्या बाजूने वाकला.

"इकडे चांगले पडलेत," ती म्हणाली.